घरसंसार : भोंगा थांबला, घरे उरली

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे मराठीत म्हणतात. हल्ली शहरात घर बांधतो कोण? आपण ते विकत घेतो किंवा भाड्याने घेतो. पण दमछाक तीच आणि जन्माचा प्रश्नही तोच. आपल्या ओळखीच्या किती तरी घरांत आज हीच चर्चा चालू असेल. नागपाड्याची किंवा डोंगरीची जुनी पागडीची खोली विकायची. पैसे भावाभावांत, बहिणींचा हिस्सा देऊन वाटायचे. मग जायचे कुठे? मुंब्र्याला, मीरा रोडला, भिवंडीला, पनवेलला, की सरळ कोकणात गावी?

अशा वेळी घरातला कर्ता पुरुष पहिला प्रश्न विचारतो, ‘भाव काय?’ दुसरा प्रश्न असतो, ‘तिथे आपली माणसे आहेत का?’ दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. पण तेवढेच विचारून घर घेतले तर पुढची वीस वर्षे त्याची किंमत घरातल्या बायका आणि मुले चुकवत राहतात. असे का होते, हे समजायचे तर आपली शहरे वसली कशी ते आधी पाहावे लागेल. कारण ती माणसांना सुखाने राहता यावे म्हणून वसलेली नाहीत. कामाला माणसे जवळ हवी होती, म्हणून ती वसली.

गिरणीने वसवलेले शहर

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वेगाडी धावली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी उभी केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच बाजार कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या. गिरण्या मात्र वाढत गेल्या. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, शिवडी हा सगळा पट्टा पुढे गिरणगाव झाला.

गिरणीचा भोंगा पहाटे वाजायचा. फाटक बंद व्हायच्या आत जो पोहोचला नाही त्याची हजेरी गेली. त्यामुळे कामगाराला चालत पोहोचता येईल एवढ्या अंतरावरच राहणे भाग होते. माणसे कामावर लावणारा जॉबर असे. त्याच्या ओळखीनेच अनेकदा खोली मिळे आणि अडीनडीला उसने पैसेही तोच देई. म्हणजे नोकरी, खोली आणि कर्ज यांची दोरी एकाच हातात. साधारण दहा बाय बारा फुटांची खोली, समोर सामायिक गॅलरी, टोकाला सामायिक संडास, अशा चाळी भराभर उभ्या राहिल्या. १९११ च्या जनगणनेत मुंबईतली दोन तृतीयांशांहून अधिक माणसे एकाच खोलीच्या घरांत राहत होती.

अनेक कामगारांचे कुटुंब गावीच असे. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष पाळीपाळीने एकाच खोलीत झोपत आणि खाणावळीत जेवत. ती खाणावळ चालवणारी बहुधा कुणा कामगाराचीच बायको किंवा विधवा असे. त्या बायकांच्या कष्टावर हजारो माणसांची पोटे भरली. त्यांची संघटना मात्र १९७५ साली झाली, प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने.

आपले मोहल्ले कसे झाले?

या कहाणीत आपलाही भाग आहे. उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर हातमागावर कापड विणत. गिरणीच्या कापडाने त्यांचा बाजार मोडला आणि १८५७ नंतरच्या धामधुमीत त्यांची घरेदारे सुटली. कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. कुणी मालेगावात थांबले, कुणी भिवंडीत, कुणी मुंबईत येऊन मदनपुऱ्यात राहिले. मुंबईत त्यांना काम मिळाले ते ज्यांनी त्यांचा धंदा मोडला त्या गिरण्यांसारख्याच गिरण्यांत, विणकाम खात्यात. कोकणी मुसलमान समुद्राचे लोक. ते जहाजांवर आणि गोदीत गेले. म्हणून डोंगरी, माझगाव या गोदीजवळच्या भागात त्यांची वस्ती झाली. आपण म्हणतो, ‘हा मोहल्ला आपला.’ तो आपला होण्याआधी तो कामाच्या जवळचा होता. काम जिथे, मोहल्ला तिथे, असा तो हिशेब होता.

कामानेच माणसांत भिंतीही घातल्या. विणकाम खात्यात पगार चांगला मिळे. पण धोट्यातून सूत ओढायला ते तोंडाने ओढावे लागे. दुसऱ्या माणसाने तोंड लावलेला धोटा ‘बाटतो’ म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या वेळी जाहीरपणे मांडला होता. चाळीही जातीप्रमाणे, गावाप्रमाणे वेगळ्या झाल्या. कुणाशेजारी राहायचे आणि कुणाशेजारी नाही, हा शहरातला भेद काल-परवाचा नाही.

१८९६ साली मांडवी भागातून प्लेगची साथ सुरू झाली. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांत ती वणव्यासारखी पसरली. सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती करायची आणि गरिबांना बरी घरे द्यायची, हे त्याचे काम. रस्ते झाले. आज ज्याच्या खाऊगल्लीसाठी रमजानमध्ये सगळी मुंबई लोटते तो मोहम्मद अली रोड त्याच योजनांतला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही त्यातल्याच. तिथे झाडे आली, मैदाने आली आणि पांढरपेशी कुटुंबे राहायला गेली. पण रस्त्यासाठी ज्यांची घरे पडली त्यातले पुष्कळ जण शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले. १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्यांच्या पुनर्विकासात आता ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. मधे शंभर वर्षे आणि चार पिढ्या गेल्या.

चाळीने काय दिले?

चाळीच्या आठवणी सांगताना माणसे हळवी होतात. त्यात खोटे काही नाही. गॅलरीत मुले वाढली, एकाच्या घरी मयत झाली तर शेजारच्या चार घरांत चूल पेटत नसे, ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ एकाच गॅलरीतून फिरला. पण पहाटे चार वाजता नळावर हंडे लावून कोण उभे राहत होते? सामायिक संडासाला रात्री एकटीने जायची भीती कुणाला वाटत होती? कापसाच्या तंतूंनी आणि कोंदट हवेने कुणाच्या छातीत क्षय घर करत होता? शेजार हा चाळीचा गुण होता आणि जागेची अडचण हा दोष. नवे घर घेताना आपल्याला गुण ठेवायचा आहे आणि दोष टाकायचा आहे. बऱ्याचदा होते उलटेच. जागा तेवढीच अडचणीची मिळते आणि शेजार हरवतो.

काम गेले, माणसे फेकली गेली

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ण सुरू झाल्या नाहीत, हजारो कामगारांना पुन्हा फाटक उघडले नाही. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि हा हिशेब फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाला. उभ्या गिरणीची जागा त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. जिथे भोंगा वाजत होता तिथे मॉल आणि टॉवर आले. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची सोडत निघाली २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी.

कापड विणणे थांबले नव्हते. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर चालूच होते. तिथे मोठी गिरणी नाही, मोठे फाटक नाही आणि मोठी युनियनही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये माग आणि लागूनच किंवा वरच्या माळ्यावर कुटुंब. रात्रपाळीचा खडखडाट ऐकतच बाळ झोपते. वीज गेली की मजुरी गेली. आता भिवंडीत मागांच्या शेडजवळ महामार्गाच्या कडेला मोठमोठी गोदामे उभी आहेत. कालचा विणकर तिथे माल चढवतो-उतरवतो.

मुंबईत दुसरे एक कारण घडले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबांनी मिश्र वस्तीतली घरे मिळेल त्या भावाला विकली आणि मुंब्र्याची वाट धरली. त्यांना नावे ठेवायचा अधिकार कुणाला नाही. ज्याच्या दारावर जमाव आला त्याला ‘मिश्र वस्तीत राहा’ असा उपदेश करणे सोपे असते. पण इथे एक फरक लक्षात घ्यावा. जुना मोहल्ला कामाच्या जवळ वसला होता. हा नवा मोहल्ला भीतीने वसला आणि कामापासून लांब वसला. म्हणून तिथला माणूस रोज सकाळी लोकलच्या दारात लटकतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. ती माणसे लोकलने प्रवास करत होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि मागणी वाढली की घाईने बांधणारेही येतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला सात मजल्यांची इमारत कोसळून ७४ माणसे मेली. ती इमारत बेकायदा होती, काम अजून चालू होते आणि तरी खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आली होती. दुसरीकडे जुन्या मुंबईत कागद असूनही दुरुस्ती नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडे गोठले, मालकाने हात काढून घेतला, भाडेकरूने ‘इमारत आपली नाही’ म्हटले. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली आणि तीसहून अधिक माणसे गेली. नवी बेकायदा आणि जुनी बिनदुरुस्त, या दोन आडांच्या मधून आपल्याला घर शोधायचे आहे.

घर बघायला जाल तेव्हा

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून घर बघणे म्हणजे लग्नात नवरीचा स्वभाव ओळखण्यासारखे आहे. कामाच्या दिवशी सकाळी आठला त्या स्टेशनवरून लोकल पकडून बघा आणि संध्याकाळी साडेसातला परत येऊन बघा. रोजचे जादा दोन तास म्हणजे महिन्याला पन्नासेक तास. मुलांचा बाप त्यांना फक्त झोपलेला दिसणार असेल, तर स्वस्तात घेतलेले घर महागच पडले.

पाणी मे महिन्यात विचारा आणि ते एजंटला नाही, त्या इमारतीतल्या बायकांना विचारा. नळ किती वाजता येतो, टँकर कोण मागवतो, त्याचे पैसे कसे वाटले जातात, लिफ्ट महिन्यातून किती दिवस चालते, हे सगळे त्या दहा मिनिटांत सांगतील. त्यांच्यासारखा जाणकार दुसरा नाही.

कागदांच्या बाबतीत भीड ठेवू नका. बांधकामाची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहा आणि वकिलाकडून मालकीचा शोध अहवाल घ्या. नव्या प्रकल्पाला महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. २०१७ पासून हा कायदा आपल्याकडे पूर्णपणे लागू आहे. संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की मंजूर आराखडा, मुदत आणि तक्रारी दिसतात. भाव नेहमी चटई क्षेत्रावर म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर काढा. आणि नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरने मालकी मिळत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करारनामाच लागतो.

इथे आपल्या समाजापुरती एक गोष्ट बोलणे जरुरीचे आहे. अनेक कुटुंबे व्याज नको म्हणून बँकेचे कर्ज घेत नाहीत. दागिने, आखातातली कमाई, भावाची मदत असे करून रोख रक्कम उभी करतात. त्यामागची भावना आदराची आहे. पण त्याचा एक परिणाम ध्यानात येत नाही. बँक कर्ज देण्याआधी आपल्या वकिलाकडून कागद तपासून घेते. बेकायदा इमारतीवर ती सहसा कर्ज देत नाही. बँक नसली की ती चाळणीही नाही. म्हणूनच बेकायदा बांधणाऱ्याला रोखीचा ग्राहक फार आवडतो. ‘बँकेचे झंझट नाही’ असे कुणी गोड बोलून सांगितले तर तिथेच सावध व्हा. कर्ज घेऊ नका. पण बँक जेवढे कागद मागते तेवढे सगळे तुम्ही मागा आणि तपासणीसाठी वकिलाची फी जरूर खर्च करा. आयुष्याच्या कमाईपुढे ती काहीच नाही.

घरातल्या लेकीला बरोबर न्या. शाळा, कॉलेज, वाचनालय चालत जाण्यासारखे आहे का? रात्री आठला रस्त्यावर दिवे असतात का? शिकवणीहून ती एकटी परत येऊ शकेल का? अनेक मुलींचे शिक्षण हुशारी कमी पडली म्हणून थांबत नाही. कॉलेज दोन बस पलीकडे आहे म्हणून थांबते. अम्मी-अब्बांसाठी दवाखाना, मशीद आणि जिन्याच्या पायऱ्या मोजा. आणि एक प्रश्न, जो विचारायला जीभ कचरते: कब्रस्तान कुठे आहे? नव्या उपनगरांत मशीद लवकर उभी राहते, दफनाच्या जागेसाठी मात्र वर्षानुवर्षे अर्ज करावे लागतात.

कागद होतील तेव्हा नाव कुणाचे, हेही आधीच ठरवा. महाराष्ट्रात २०२१ पासून, घर केवळ महिलांच्या नावाने खरेदी केले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैसे वाचतात हा छोटा फायदा. उद्या काही विपरीत घडले तर तिला कुणी दाराबाहेर काढू शकत नाही, हा मोठा.

शेजार

राहिला प्रश्न ‘आपल्या माणसांचा’. नाव ऐकून फोन ठेवणारे घरमालक आहेत, ‘सोसायटीचा नियम आहे’ म्हणणारे सेक्रेटरी आहेत. हे कटू आहे आणि खरे आहे. म्हणून कुणी ओळखीच्या वस्तीतच घर घेतले तर ते समजण्यासारखे आहे. फक्त त्या वस्तीला नशिबावर सोडू नका. गटार तुंबले, कचरा उचलला नाही, महापालिकेचा दवाखाना बंद राहिला, तर ‘आपल्याकडे असेच चालायचे’ हे वाक्य तोंडातून काढायचे नाही. कर आपणही भरतो. चार घरांनी मिळून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि पुन्हा जावे. सोसायटीची सभा असेल तर घरातल्या बाईने तिथे बसावे, कारण पाण्याचे आणि जिन्याचे खरे हाल तिला माहीत असतात.

आणि मिश्र वस्तीत घर मिळत असेल, कागद ठीक असतील, शाळा जवळ असेल, तर केवळ भीतीपोटी ते सोडू नये. आपली मुले मोठी होऊन ज्या ऑफिसात, ज्या बाजारात वावरणार आहेत ते मिश्रच आहेत. तिथली भाषा आणि तिथले सणवार लहानपणी ओळखीचे झाले तर पुढे पाऊल अडखळत नाही.

दीडशे वर्षे या शहराने आपल्याला जागा नेमून दिली. कधी भोंग्याने, कधी प्लेगने, कधी संपाने, कधी दंगलीने. निवडायची संधी फार थोड्यांना मिळाली. आज ज्यांच्या हातात थोडेफार पैसे आहेत, शिकलेली मुले आहेत आणि कागद वाचता येतात, त्यांना ती मिळते आहे. मग ती घाईत वाया घालवू नये. महिनाभर उशीर झाला तरी चालेल. पाच घरे बघा, घरातल्या प्रत्येकाचे ऐका आणि सह्या मग करा. जिथे चूल सांभाळणारी बाई, शाळेला जाणारी मुलगी आणि जिना चढणारी म्हातारी अशा तिघी म्हणतील, ‘इथे जमेल’, ते घर घ्यावे.